जुन्या मोबाइलातून पुसला गेलेला दस्तऐवज

दिग्गीच्या डोंगरात उगम पावून गणेशगुडीच्या धरणाशी अडवल्या जाणाऱ्या काळी नदीचा वरचा मुलूख म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका. आणि या तालुक्यात हयात घालवलेल्या कोणालाही विचारले तरी तो सांगेल की येथे भात पिकवण्यापेक्षा कागद टिकवणे अवघड आहे. ज्येष्ठात सुरू झालेला पाऊस भाद्रपद उलटला तरी पाठ सोडत नाही, मातीच्या भिंतींना ओल चढते, पेटीतल्या कपड्यांना बुरशी धरते, आणि माळ्यावर ठेवलेल्या कागदांच्या पुडक्याला चुलीच्या धुराने जे काही रक्षण मिळेल त्यापलीकडे वाळवीपासून वाचवणारे दुसरे काही घरात नसते. त्यात भर अशी की तालुक्याचे जुने ठाणे जे सुपा, ते गावच १९८०च्या दशकात धरणाच्या जलाशयाखाली गेले. कचेरी जोयड्याला आली, विस्थापित कुटुंबे रामनगरला वसवली गेली, आणि त्या स्थलांतराच्या घाईत घरोघरच्या पेट्यांतील किती कागद गहाळ झाले याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

हे कागद क्षुल्लक नव्हेत. हा मुलूख १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्यामुळे एकाच शेताचे कागद निरनिराळ्या अमदानींत, निरनिराळ्या नमुन्यांवर, निरनिराळ्या शिक्क्यांखाली तयार झालेले आढळतात. शिवाय तालुक्याचा फार मोठा भाग राखीव जंगलाखाली आणि त्यातला बराचसा काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. ब्रिटिश अमदानीत जंगलखात्याने कुणब्यांच्या कुमरी, म्हणजे फिरत्या, शेतीवर निर्बंध आणले तेव्हापासून वहिवाट आणि हद्द यांचा वाद या जंगलात चालत आला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या वादाला एक रीतसर दार उघडले खरे, पण त्या दारातून आत जायचे तर पुरावा हवा. जे अनुसूचित जमातीत गणले जात नाहीत अशा पारंपरिक वननिवाशांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवावयाचा असतो. अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी दीर्घकाळ करीत आलेल्या जोयड्याच्या कुणब्यांना ही अट किती जाचक आहे हे निराळे सांगावयास नको. नियमांनी पुराव्याची व्याप्ती उदार ठेवली आहे. जुनी पावती, घरपट्टी, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, मोजणीचा नकाशा, शेताचा बांध, वृद्धांचा लेखी जबाब, यांपैकी एकाहून अधिक प्रकार विचारात घ्यावेत असे त्यांत म्हटले आहे. म्हणून एखादी पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली पावती हे त्या घराचे केवढे तरी बळ असते.

आणि हेच बळ गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोबाइलात जाऊन बसले आहे. कागद कुजेल, पण फोटो कुजणार नाही, अशा स्वाभाविक समजुतीने घरातल्या शिकलेल्या मुलाने पावतीचा फोटो काढला. पंचायतीतून कोणी अर्जाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली. वृद्धाचा जबाब लिहून झाल्यावर त्याचीही छबी उतरवून ठेवली. हा मोबाइल बहुधा नवा नसतो. शहरात नोकरीला असलेल्या थोरल्या भावाने वापरून झालेला, काचेला तडा गेलेला, आठ किंवा सोळा जीबी साठ्याचा अँड्रॉइड फोन गावी येतो आणि आणखी कित्येक वर्षे इमानाने काम करतो. गावात सिग्नल क्षीण. कित्येक वाड्यांत तो मुळीच नाही, आणि तो धरायला टेकाडावर किंवा रस्त्याच्या विशिष्ट वळणावर जावे लागते. अशा ठिकाणी फोटो आपोआप गूगलच्या साठ्यात चढतील ही अपेक्षा व्यर्थ होय. जे आहे ते त्या एका यंत्रात आहे, आणि 'स्टोरेज फुल' अशी सूचना पडद्यावर आली की घरातले एखादे पोर भराभर फोटो निवडून डिलीट करते. त्यांत पावतीही जाते.

येथपर्यंतची हकीकत नित्याची आहे. पण त्यानंतर जे घडते त्याविषयी लोकांच्या मनात जो समज आहे तो चुकीचा असल्यामुळेच पुष्कळसे दस्तऐवज कायमचे नष्ट होतात, आणि हा लेख लिहिण्याचे प्रयोजनही तेच आहे. डिलीट केले म्हणजे फाइल नाहीशी झाली, असा तो समज. वस्तुतः यंत्र त्या क्षणी इतके कष्ट घेत नाही. तालुका कचेरीच्या अभिलेखकक्षात रुमालात बांधलेली दप्तरे फडताळांवर मांडलेली असतात आणि कोणता रुमाल कोणत्या फळीवर आहे हे एका सूचीवहीत लिहिलेले असते. समजा कारकुनाने त्या वहीतील एका ओळीवर काट मारली आणि 'फळी रिकामी' असा शेरा लिहिला, तर रुमाल तत्काळ जळून जात नाही, तो फळीवर जसाच्या तसा असतो. मात्र वही पाहून येणारा पुढचा माणूस ती फळी मोकळी समजून तेथे आपला रुमाल आणून ठेवतो आणि जुना बाहेर फेकतो. मोबाइलातील साठ्याची व्यवस्था तत्त्वतः हीच आहे. पुसण्याने नोंद रद्द होते. मजकूर नष्ट होतो तो त्या जागी दुसरे काही लिहिले गेल्यावर, किंवा यंत्राने सवडीने ती जागा खरोखरच साफ केल्यावर.

यावरून पहिले कर्तव्य निघते, आणि ते काही करण्याचे नसून थांबण्याचे आहे. दस्तऐवज पुसला गेल्याचे कळताच त्या फोनमध्ये नवे काही लिहिले जाऊ नये याची तजवीज करावी. इंटरनेट बंद करावे, म्हणजे व्हॉट्सॲपच्या गटांतून सकाळ-संध्याकाळ येणारी चित्रे आणि चलच्चित्रे त्या मोकळ्या जागेवर उतरणार नाहीत. कॅमेरा वापरू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'पुसलेले फोटो परत मिळवा' असे सांगणारे ॲप त्याच फोनवर उतरवून घेऊ नये. ते ॲप स्वतःच जागा व्यापते, आणि जी जागा ते व्यापते तिच्यातच कदाचित आपली पावती पडलेली असते. लोक हळहळत दुकानापर्यंत जातात तोवर दोन-तीन दिवस उलटतात, आणि त्या अवधीत फोन पूर्ववत चालू असतो, गाणी उतरतात, फोटो निघतात. खरी हानी बहुधा या दोन-तीन दिवसांत होते.

यानंतर कोणतेही शस्त्र उचलण्याआधी शांतपणे हे पाहावे की दस्तऐवज खरोखर गेला आहे काय. फोनमधील फोटोंचे दालन आणि फाइलींचा मूळ साठा ही दोन निराळी स्थाने आहेत. एकात दिसत नाही म्हणून दुसऱ्यात नसेलच असे नाही. गूगल फोटोज वापरात असेल तर पुसलेले चित्र त्याच्या कचरापेटीत, वर चढवलेले असल्यास साठ दिवस आणि नसल्यास तीस दिवस, पडून राहते. गूगल ड्राइव्ह आणि जीमेल यांच्या पेट्यांतही तीस दिवसांची मुदत असते. यंत्रणेने स्वतः चित्रांसाठी कचरापेटी पुरवली ती अँड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून. त्याआधीच्या फोनांत ती सोय काही कंपन्यांनीच आपल्या दालनात केलेली होती, आणि ती फोनागणिक निराळी.

व्हॉट्सॲपचा मार्ग मात्र अधिक फलदायी असतो, असे माझे मत आहे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्राचे नाव ठराविक धाटणीचे असते. आधी 'आयएमजी' ही अक्षरे, मग वर्ष, महिना आणि दिवस सलग आकड्यांत, मग 'डब्ल्यूए' आणि चार आकडी अनुक्रमांक. दस्तऐवज असेल तर 'आयएमजी'च्या जागी 'डीओसी'. गावसभा कोणत्या दिवशी भरली होती एवढे आठवले तरी फाइल-व्यवस्थापकाच्या शोधपट्टीत ती तारीख लिहून त्या दिवसाचे सर्व कागद एकत्र बाहेर काढता येतात. आणि आपण पाठवलेल्या फाइलींची एक प्रत 'सेंट' नावाच्या उपकप्प्यात निराळी राहते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. ज्याला आपण कागद पाठवला होता त्याच्या फोनमध्येही ती प्रत असू शकते. वनहक्क समितीचा सचिव, पंचायतीतील कारकून, 'ग्राम वन' (यातला 'वन' म्हणजे इंग्रजीतला एक) या सेवाकेंद्रात अर्ज भरून देणारा मुलगा, जोयड्याच्या बाजारातला झेरॉक्सवाला, पुण्यात किंवा गोव्यात असलेला भाचा, या सर्वांना विचारून होईपर्यंत दस्तऐवज हरवला असे म्हणू नये. झेरॉक्सवाल्याच्या संगणकात तर छापण्यासाठी पाठवलेल्या फाइली वर्षानुवर्षे साचलेल्या असतात.

एक विशेष स्थान येथे नमूद केले पाहिजे. कागद सरळ करून त्याची पीडीएफ बनवणारी स्कॅनिंगची ॲप या भागात पुष्कळ वापरली जात, आणि त्यांतील सर्वांत प्रचलित असे जे कॅमस्कॅनर, ते भारत सरकारने २९ जून २०२० रोजी मनाई केलेल्या एकोणसाठ ॲपांच्या यादीत होते. तेव्हा अनेकांनी ते काढून टाकले आणि आपले कागदही त्याबरोबर गेले असे मानले. परंतु जुन्या अँड्रॉइडमध्ये एखाद्या ॲपने मूळ साठ्यात स्वतःच्या नावाचा कप्पा केला असेल तर ॲप काढल्याने तो कप्पा जात नाही; ॲपच्या खाजगी कप्प्यातले तेवढे जाते. ज्या कप्प्यांची नावे टिंबाने सुरू होतात ते दृष्टीआड ठेवलेले असतात; फाइल-व्यवस्थापकात 'लपवलेल्या फाइली दाखवा' हा पर्याय निवडला की ते दिसू लागतात. कॅमेऱ्याच्या कप्प्यातही टिंबाने सुरू होणारा असाच एक लघुचित्रांचा कप्पा जुन्या फोनांत असतो, आणि मूळ चित्र पुसले तरी लघुचित्र त्यात कित्येकदा शिल्लक राहते. त्यावरची अक्षरे वाचता येणार नाहीत इतके ते लहान असते. तरी पावती कोणत्या आकाराची होती, शिक्का कोठे होता, फोटो कोणत्या सुमारास काढला, एवढे त्यावरून कळते, आणि ज्याला शोध पुढे चालवावयाचा आहे त्याला तेवढेही पुरते.

आता पुसलेला मजकूर साठ्यातूनच परत कसा काढायचा या मूळ प्रश्नाकडे वळू. फोनमध्ये बाहेरचे मेमरी कार्ड असेल आणि दस्तऐवज त्यावर असेल, तर आशेला भक्कम आधार आहे. प्रथम फोन बंद करून कार्ड काढावे. नखाएवढे ते कार्ड ज्या मोठ्या खोबणीत बसवून संगणकाला लावतात तिच्या डाव्या कडेला एक बारीकशी सरकपट्टी असते. ती खाली सरकवली की संगणकाने कार्डावर लिहू नये असा तो संकेत होतो. मग त्या कार्डाची, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट, एक संपूर्ण प्रतिकृती संगणकावर उतरवून घ्यावी आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतिकृतीवर करावेत. मूळ कार्ड पाकिटात घालून बाजूला ठेवावे. हा शिस्तीचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण तज्ज्ञ आणि हौशी यांत फरक पडतो तो येथेच.

बत्तीस जीबीपर्यंतच्या कार्डांवर बहुधा फॅट३२ ही पद्धती असते, आणि तिच्यात पुसण्याची क्रिया कशी घडते हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक फाइलसाठी सूचीत बत्तीस बाइटांची एक नोंद असते; तिच्या आरंभी फाइलीचे नाव, पुढे तारीख, आकार आणि मजकूर कोठे सुरू होतो तो क्रमांक. फाइल पुसली की नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ हा अंक लिहिला जातो आणि फाइलीचे तुकडे कोणत्या क्रमाने पसरले आहेत हे सांगणाऱ्या तक्त्यातील तिची साखळी शून्य केली जाते. एवढेच. म्हणून पुसलेल्या फाइलींची यादी पडद्यावर आणली असता जुन्या आखूड नावांचे पहिले अक्षर गळालेले दिसते. 'पावती'चे इंग्रजी नाव पहिल्या अक्षराऐवजी रिकाम्या खुणेने सुरू होते, पुढची अक्षरे शाबूत असतात, तारीख शाबूत असते, आकार शाबूत असतो. साखळी गेली तरी फाइल सलग जागेत लिहिलेली असेल तर आरंभ आणि आकार या दोन गोष्टींवरून ती पूर्ण उचलता येते, आणि कॅमेऱ्याने एका बैठकीत काढलेले फोटो बहुधा सलगच लिहिले जातात.

सूचीच बिघडली असेल तर दुसरी युक्ती आहे. प्रत्येक प्रकारच्या फाइलीचा आरंभ ठराविक खुणेने होतो. जेपेग चित्राचे पहिले तीन बाइट नेहमी २५५, २१६, २५५ असे असतात. पीडीएफ ही टक्केचिन्ह आणि त्यापुढे 'पीडीएफ' या तीन अक्षरांनी सुरू होऊन फाइल संपल्याच्या निशाणीने संपते. वर्डची नवी फाइल 'पीके' या दोन अक्षरांनी सुरू होते, जी संकोचनपद्धतीचा कर्ता फिल काट्झ याची आद्याक्षरे आहेत. सूचीकडे न पाहता साठा आरंभापासून शेवटपर्यंत वाचीत जायचे आणि अशी खूण आढळली की तेथून फाइल कापून घ्यायची, असे काम करणारा 'फोटोरेक' हा कार्यक्रम ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने लिहिला असून तो आणि त्याचा जोडीदार 'टेस्टडिस्क' हे दोन्ही विनामूल्य आहेत. फोटोरेक फाइलीचे नाव परत देत नाही; 'एफ' अक्षर आणि मागे लांबलचक आकडा अशी शेकडो नावे तो समोर ओततो, आणि मग लग्नाचे, जत्रेचे, शुभेच्छांचे हजार फोटो एकेक करून चाळावे लागतात. पाहणाऱ्याचे डोळे दुखतात. पण त्या ढिगात जेव्हा कडेला करपलेला, मध्ये घडीची पांढरी रेघ असलेला तो कागद दिसतो तेव्हा सारे श्रम सार्थकी लागतात.

कार्डासंबंधी दोन सावधगिरीच्या गोष्टी. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'साठवण्याची जागा: कार्ड' असे निवडलेले नसेल तर कार्ड बसवलेले असूनही फोटो फोनच्या पोटातच जातात, आणि व्हॉट्सॲप तर आपल्या फाइली फोनच्या मूळ साठ्यातच ठेवते. दुसरे असे की अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, कार्ड हे फोनचाच भाग म्हणून जोडून घेण्याची सोय झाली. तसे केलेले असेल तर त्यावरचा सर्व मजकूर कूटबद्ध असतो, किल्ली फोनमध्ये राहते, आणि ते कार्ड दुसरीकडे लावून काही हाती लागत नाही.

दस्तऐवज फोनच्या पोटात असेल तर प्रकरण कठीण होते, आणि किती कठीण हे फोनच्या वयावर अवलंबून असते. या पोटातील साठा फ्लॅश स्मृतीचा असतो. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी तिची कल्पना १९८४ मध्ये आणि आज सर्वत्र वापरात असलेला तिचा नँड हा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे मांडला. सूक्ष्म कोठड्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवून ती माहिती धरते, म्हणून वीज नसतानाही माहिती टिकते. तिचा एक स्वभावविशेष असा की लिहिणे लहान पानांवर होते, पण खोडणे मात्र अनेक पानांच्या अख्ख्या गठ्ठ्याचेच होऊ शकते. शिवाय प्रत्येक गठ्ठा मोजक्याच वेळा खोडता येतो, म्हणून आतील नियंत्रक मजकूर सतत इकडून तिकडे हलवून झीज सर्वत्र सारखी वाटतो. नियंत्रकाला कोणती पाने निरुपयोगी झाली हे ठाऊक नसेल तर तो मृत मजकूरही जपून वाहत राहतो आणि फोन मंदावतो. या मंदपणावर उपाय म्हणून जुलै २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.३ ने 'ट्रिम' नावाची व्यवस्था आणली. फोन स्वस्थ पडलेला असताना यंत्रणा नियंत्रकाला रद्द झालेल्या जागांची यादी देते आणि नियंत्रक त्या खरोखर साफ करतो. फोन चपळ झाले, आणि पुसलेल्या दस्तऐवजाचे आयुष्य पुष्कळदा एका रात्रीपुरते उरले.

तेव्हा २०१३ पूर्वीचा, अद्ययावत न केलेला फोन असेल तर त्याच्या पोटात जुना मजकूर दीर्घकाळ राहू शकतो. २.३ आणि त्याआधीच्या आवृत्तींचे फोन केबलने संगणकाला जोडले की त्यांचा साठा पेनड्राइव्हसारखा उघडा होतो आणि कार्डासंबंधीची सारी युक्ती तेथे चालते. २०११ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून जोडणीची रीत बदलली. संगणकाला आता फक्त जिवंत फाइलींची यादी मिळते, रिकामी समजली गेलेली जागा त्याला दिसतच नाही. ती पाहायची तर फोनचा सर्वाधिकार मिळवावा लागतो, आणि तो मिळवण्यासाठी आरंभीचे कुलूप उघडू गेले की बहुसंख्य फोन सुरक्षेसाठी सगळा साठा पुसून टाकतात. म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला त्याचाच नाश. २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून फाइलवार कूटबद्धता आली आणि २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून नव्या फोनांना ती अनिवार्य झाली. तेथे फाइल पुसली जाताना तिची किल्ली घडवणारा तपशीलही नोंदीबरोबर जातो, आणि मागे राहिलेल्या इलेक्ट्रॉनांतून कोणीही काही वाचू शकत नाही. नव्या फोनमधून पुसलेली फाइल पोटातून खणून काढून देतो असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नयेत, हे मी निःशंकपणे लिहितो.

जुन्या फोनांच्या या शिथिलतेचा दाखला विद्वानांनीही दिला आहे. केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २०१५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पाच कंपन्यांचे, २.३ ते ४.३ या आवृत्तींचे एकवीस वापरलेले अँड्रॉइड फोन त्यांनी तपासले आणि 'फॅक्टरी रीसेट' करूनही त्यांतून आधीच्या मालकांची माहिती निघू शकते असे दाखवून दिले. ज्यांचा मुख्य साठा नीट पुसला जात नाही असे फोन जगात पन्नास कोटींपर्यंत असावेत असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी तो निबंध धोक्याची सूचना म्हणून लिहिला, आणि जुना फोन विकणाऱ्याने तो तसाच वाचावा. पण चुलतभावाकडून आलेला जुना फोन फडताळात पडून असेल, आणि त्यात कधीकाळी आजोबांच्या पावतीचा फोटो होता असे कोणाला आठवत असेल, तर तो फोन भंगारात देण्याआधी जाणत्याला दाखवावा, हाही त्या निबंधाचा अर्थ आहे.

एवढे करून दस्तऐवज मिळाला म्हणजे काय मिळाले, याचा विचार करणे मला सर्वांत अगत्याचे वाटते. मोबाइलातील नोंद न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करावयाची तर १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. अर्धवट सावरलेल्या, खालचा भाग करड्या पट्ट्यांनी झाकलेल्या चित्रावर कोणी हक्क मान्य करील अशी भाबडी आशा धरू नये. पण त्या चित्राचे मोल निराळे आहे. पावतीचा क्रमांक, साल, गावाचे नाव, सर्व्हे नंबर, खातेदाराचे नाव, शिक्का कोणत्या कचेरीचा, यांपैकी दोन-तीन गोष्टी जरी वाचता आल्या तरी मूळ नोंद सरकारी दप्तरात कोठे शोधायची हे कळते. 'आमच्या आजोबांचा काही कागद असेल तर द्या' असा मोघम अर्ज कचेरीत वर्षभर फिरतो. 'अमुक गावच्या अमुक सर्व्हे नंबराच्या अमुक सालच्या नोंदीची नक्कल मिळावी' असा अर्ज फेटाळायला कारण लागते. कर्नाटकात 'भूमी' योजनेखाली पहाणीपत्रके या शतकाच्या आरंभापासून संगणकावर आली आहेत, आणि अलीकडे 'भू सुरक्षा' या नावाने तालुका कचेऱ्यांतील जुन्या दप्तरांच्या प्रतिमा घेण्याचे काम महसूल खात्याने हाती घेतले आहे. त्यामुळे नेमका क्रमांक सांगणाऱ्याचे काम पूर्वीपेक्षा सुकर व्हायला हरकत नाही. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे दाद मागण्याची मुदत साठ दिवसांची असल्याने, चित्र सापडले त्याच दिवशी त्यातील मजकूर हाताने कागदावर उतरवून नक्कलेचा अर्ज तहसीलदारांकडे द्यावा आणि अर्जाची पोच घ्यावी.

सावरलेली फाइल त्याच कार्डावर परत ठेवू नये, कारण त्यावर अजून न सापडलेले दुसरे काही असू शकते. ती संगणकावर ठेवून तिची एक प्रत नव्या कार्डावर घ्यावी, एक घराबाहेर राहणाऱ्या नातलगाला पाठवावी, आणि एक जाड कागदावर छापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वनहक्क समितीच्या सचिवाकडे दाव्याच्या जोडपत्रांबरोबर द्यावी. फाइलीला नाव देताना यंत्राने दिलेला लांब आकडा तसाच न ठेवता गाव, सर्व्हे नंबर आणि साल या क्रमाने द्यावे, म्हणजे पुढच्या वेळी जागा मोकळी करण्यासाठी यादी चाळणाऱ्या मुलालाही ते नाव पाहून कळेल की हा फोटो कशाचा आहे. प्रती तीन ठिकाणी पोचल्याची खात्री होईपर्यंत पाकिटात ठेवलेले मूळ कार्ड कोणत्याही फोनमध्ये घालू नये.